आक्काच्या पाच खोल्या

आक्काच्या शेरडांना हर्सूल जेलच्या फाटकाची वेळ माहीत होती. सुटका झालेली माणसं ज्या सुमाराला बाहेर पडत, त्या सुमाराला ती अकरा शेरडं रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली येऊन थांबायची आणि मागून आक्का यायची. हातात काठी, डोक्यावर पदर, खांद्यावर घोंगडी. उन्हाळा असला तरी घोंगडी. कुणाला न्यायला घरचे आलेले असत. ते रडत, बोलत रिक्षात बसून निघून जात. त्यांच्याकडे आक्का बघायचीसुद्धा नाही. ज्याला न्यायला कुणी आलेलं नाही, त्याच्यावर तिची नजर असे. असा माणूस आधी उजवीकडे बघतो, मग डावीकडे बघतो आणि मग पिशवी धरून जागच्या जागी उभा राहतो. पाच-दहा मिनिटं गेली की आक्का हाक मारायची, "ए, कुठला रं तू?" तो गाव सांगायचा. "मोकळाच हायस ना? मग ती मागची काळी शेरडी हाक जरा. माझे गुडघे धरलेत."

गुडघे-बिडघे काही धरलेले नव्हते. सत्तरी ओलांडलेली ही बाई कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन तलावाचा चढ न थांबता चढायची. पण नुकत्याच सुटलेल्या माणसाला 'चल, तुझी सोय करते' म्हटलं की तो बिचकतो आणि 'माझं एवढं काम कर' म्हटलं की मागं येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिवाय शेरडांवर तिचा भरवसा होता. "माणूस आधी तोंड बघतो, मग कागद बघतो," ती म्हणायची. "शेरडं पाला बघतेत." अकरा-बारा वर्षं आत काढून आलेल्या माणसाला जळगाव रोड ओलांडता येत नाही, हे मी तिच्याकडे राहायला गेल्यावर पहिल्यांदा पाहिलं. चांगला धडधाकट गडी, पण गाड्यांसमोर पाय उचलत नाही. आक्का त्याला सांगायची, "काळीच्या मागं जा. ती बरोबर नेती." आणि काळी खरंच न्यायची.

मी तिचा तीन वर्षं भाडेकरू होतो. वाळूजला लोखंडी पार्ट बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर होतो. आधी तिकडेच तिघांत खोली करून राहत होतो, पण माझं सोबत्यांशी बिनसलं. माझं बऱ्याच जणांशी बिनसतं. कंपनीची बस हर्सूल टी पॉइंटपासून सुटायची, म्हणून इकडे खोली शोधत आलो. तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर आक्काच्या पाच खोल्या एका ओळीत होत्या, वर पत्रे, पुढे अंगण, अंगणात शेरडं कोंडायचा वाडगा. एका खोलीत ती राहायची. कोपऱ्यातली, सगळ्यांत मोठी, तिनं मला दिली. उरलेल्या तीन खोल्यांत कोण राहतं, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. कळलं तसा मी तरातरा तिच्याकडे गेलो. आधी का सांगितलं नाही, म्हणून आवाज चढवला. तिच्या एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. आतून होती, पण बाहेर जाताना कुलूप लावायची सोयच नव्हती. ती तिनं मुद्दाम ठेवली नव्हती. "ह्या माणसांवर बाहेरून कडी लई वर्षं पडली," एवढंच ती सांगायची. मी म्हटलं, आक्का, माझं सामान असं उघड्यावर टाकून मी कामाला जायचं का?

ती धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "चोर इथंच राहतेत. बाहेरचा कशाला यील?"

तीन वर्षांत माझी एकच वस्तू गेली. छत्री. ती मीच बसमध्ये विसरलो होतो.

ती कुणालाच नावानं हाक मारायची नाही. प्रत्येकाला त्याच्या गावाच्या नावानं. ए जाफराबाद, ए पैठण, ए लोणार. मी गेवराई. आत असताना माणसाला नंबर होता, नाव पोलिसांच्या कागदात अडकलं, गाव तेवढं कुणाला काढून घेता येत नाही, असा तिचा हिशोब. कुणी काय गुन्हा केला, हे तिनं कधी विचारलं नाही. उलट एखादा आपण होऊन सांगायला बसला तर ती उठून जायची. "कोर्टाला सांगून झालं ना? शिक्षाबी भोगली ना? मग मला कामून सांगतोस? मी काय नवी शिक्षा देणार हाय?" एकदा मीच खोदून खोदून विचारायला लागलो की बाजूच्या खोलीतला जाफराबाद नेमका कशासाठी आत होता. ती म्हणाली, "त्यानं तुला इच्यारलं का, तुझं लगीन कामून मोडलं?" माझं लग्न मोडलं होतं, हे तिला कुणी सांगितलं ते मला आजही कळलेलं नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस ही माणसं पहाटे उठून आपल्या दाराच्या आतल्या बाजूला उभी राहत. कडी आतून लावलेली, आपल्याच हातानं लावलेली, तरी उभी. कुणीतरी उघडेल म्हणून. आक्का अंगणातून ओरडायची, "दार तुझंच हाय रं." मग थोड्या वेळानं कडी सरकल्याचा आवाज यायचा. मी गोधडीत पडून हे ऐकायचो आणि माझी झोप मोडली म्हणून चिडायचो. त्या वेळी मला एवढंच सुचायचं.

ती हे सगळं का करते, याच्या हर्सुलात चार-पाच कथा होत्या. कुणी म्हणे तिचा मुलगा आत होता, कुणी म्हणे नवरा तिथं शिपाई होता, कुणी म्हणे तिनं कुणाविरुद्ध खोटी साक्ष दिली होती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, शेरडं त्या रस्त्यानं जातात म्हणून. यापेक्षा जास्त तिनं कधी सांगितलं नाही आणि आता ती राहिलेली नाही, तेव्हा मीही काही जोडत नाही. स्वभावानं ती गोड वगैरे नव्हती. तोंडात शिव्या असायच्या. कुणी पाया पडायला वाकलं तर पाय मागं घ्यायची. एका संस्थेनं तिला बोलावून शाल घातली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी ती शाल नुकत्याच जन्मलेल्या करडाच्या अंगावर होती. थंडी होती, हे खरं.

मला खोली स्वस्तात मिळाली होती, त्याचं कारण माझं अक्षर. आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. माणूस सुटून आला की आधार, बँक, रेशन, सगळीकडे पत्ता लागतो, आणि पत्ता म्हणून ती आपलं घर द्यायची. ते अर्ज मी भरायचो. कुरकुर करत भरायचो, पण भरायचो.

भोकरदन आला तो अकरा वर्षं आत काढून. पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. अंथरुणाची घडी अशी घालायचा की पट्टीनं मोजावी. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा तो आत गेला. मूल नव्हतं. बायको सिल्लोडच्या अलीकडे एका खेड्यात माहेरी होती. पहिलं वर्षभर ती भेटीला आली, पुढं भावांनी येऊ दिलं नाही. पण तिनं दुसरं लग्नही केलं नाही. हे कळल्याबरोबर आक्कानं शेरडं जाफराबादच्या हवाली केली आणि एसटीत बसून त्या खेड्यात गेली. मुलाकडच्यांनी बोलणी करायला जावं तशी ती तीनदा गेली. चौदा वर्षांपूर्वी लग्न झालेल्या बाईची नव्यानं बोलणी. तिसऱ्या खेपेला भाऊ वाकले, पण अट घालून. दुकानातलं, रोजंदारीचं काम नको. कंपनीत लागू दे, सहा महिने टिकू दे, फोटोचं कार्ड दाखव, मग नांदायला पाठवू.

आक्का परत आली ती थेट माझ्या खोलीत. "तुझ्या कंपनीत लाव त्याला."

"आक्का, कंपनी काय माझ्या बापाची आहे?"

"बापाची असती तर तू माझ्या पत्र्याखाली राह्यला असतास का? लाव."

मी लावला. हेल्पर म्हणून. अर्ज माझ्याच खोलीत भरला. त्यात एक रकाना होता, यापूर्वी कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? मी 'नाही' लिहिलं. भोकरदन बाजूला बसला होता. त्याला वाचता येत होतं. सही करायच्या आधी म्हणाला, "साहेब, हे खोटं हाय ना?"

मी म्हटलं, "सगळे असंच लिहितात." सगळे म्हणजे कोण, ते मलाही माहीत नव्हतं.

पाच महिने त्याच्याबद्दल एक तक्रार आली नाही. शिफ्टला दहा मिनिटं आधी हजर, मशीनच्या आजूबाजूची जागा लख्ख. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसायचा, कधी बरोबरीनं बसला नाही. एकदा परत येताना म्हणाला, "साहेब, एक महिना राह्यला." मी म्हटलं, "कसला?" मग माझ्या लक्षात आलं. तो खिडकीबाहेर बघत हसत होता. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्याच आठवड्यात कंपनीत आग लागल्याची तालीम झाली. भोंगा वाजला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून मागच्या मैदानात जमायचं, मग सेफ्टीवाला वही घेऊन माणसं मोजणार, एवढीच ती तालीम. भोंगा वाजला. आम्ही हसत-खिदळत बाहेर आलो, रांगा झाल्या. सेफ्टीवाल्यानं वही उघडली आणि पेनानं हवेत एक, दोन, तीन करायला सुरुवात केली.

भोकरदन खाली बसला. उकिडवा, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. दीडशे माणसं उभी होती आणि तो एकटा खाली बसला होता. पहिल्यांदा लोकांना वाटलं, चक्कर आली. मला तसं वाटलं नाही. त्यानं आपल्या डाव्या बाजूला बरोबर एका माणसाची जागा सोडली होती. आत गिनती जोडी-जोडीनं होते, हे मला अंगणातल्या बोलण्यांमधून माहीत होतं. दिवसातून कितीदा, अशी अकरा वर्षं. भोंगा आणि मोजणारा माणूस एकत्र आले आणि त्याचं शरीर आपण होऊन खाली बसलं. शेजारच्या पोरानं त्याला हात धरून उठवलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

गेटवरचा सिक्युरिटीवाला पोलिसातून रिटायर झालेला होता. त्याला समजायला वेळ लागला नाही. तासाभरात मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. भोकरदन तिथं आधीच उभा होता. साहेबांच्या पुढ्यात तो अर्ज होता, माझ्या अक्षरातला.

"तुम्ही आणलंत याला," साहेब म्हणाले. "हा जेलमधून आलेला आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही सर. घरमालकीण म्हणाली म्हणून मी…"

मला ते वाक्य पूर्ण करावं लागलं नाही. भोकरदनच बोलला. "ह्या साहेबांना काही ठाऊक नव्हतं. मी लपवून ठिवलं." शांतपणे, कामाचा रिपोर्ट द्यावा तसं तो म्हणाला. मग त्यानं गळ्यातलं फोटोचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याची दोरी व्यवस्थित गुंडाळून ठेवली. मी उभा होतो. मला आजही ते टेबल दिसतं आणि आजही माझे कान तापतात.

त्याला कंपनीच्या बसमध्ये बसू दिलं नाही. मी घरी आलो तेव्हा आक्का वाडग्याचं दार बांधत होती. "भोकरदनचं काम गेलं म्हणं," ती म्हणाली. "काहीतरी गिनतीला खाली बसला. तुला काय इच्यारलं का रं कुणी?"

"नाही," मी म्हणालो. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"बरं," ती म्हणाली. तिनं विश्वास ठेवला. मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी आक्कानं मला सांगितलं, रविवारी माझ्याबरोबर चल. बायकोच्या भावांना काम गेल्याचं आपणच जाऊन सांगायचं. दुसरीकडून कळायला नको. "खोटं सांगून पोरीला आणायची नाय. तू कंपनीतला हायस, तुझा शब्द ऐकतील." जावयानं बोलणीला यायचं नसतं, म्हणून भोकरदन घरीच राहिला. निघताना त्यानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता तो त्या केबिनमधलं काढणार. तो म्हणाला, "साहेब, तिची तब्येत कशी हाय, तेवढी बघून या."

घर शेतातच होतं. अंगणात मक्याची कणसं पसरली होती. थोरल्या भावानं बसायला सतरंजी टाकली, चहा आला. बायको आतल्या दारात उभी राहिली, अर्धी उजेडात, अर्धी आत. चाळिशीची असेल. आक्कानं आडपडदा न ठेवता सांगितलं, काम गेलं, मागचं कळलं म्हणून गेलं, माणसाची काही चूक नव्हती.

थोरला भाऊ आवाज न चढवता बोलला. "आत्याबाई, तुमच्यावर आमचा रोष नाय. पण मला एक सांगा, घेताना त्यांना ठाऊक नव्हतं म्हणजे ह्यानं सांगितलं नव्हतं. म्हणजे खोटं बोलून लागला. अकरा वर्षं भोगून अजून खोटंच बोलू राह्यला. मग आम्ही बहीण कशावर पाठवायची?"

आक्का सतरंजीची दशी ओढत राहिली. याचं उत्तर फक्त माझ्याजवळ होतं. दारातल्या बाईनं मान खाली घातली, ती भावाचं पटलं म्हणून. ते मला बघवलं नाही. चहाची बशी हातातच होती. मी म्हणालो, "अर्जावर खोटं मी लिहिलं. माझ्या हातानं. त्यानं विचारलं होतं, हे खोटं आहे ना म्हणून. आणि साहेबांनी मला विचारलं, तुला माहीत होतं का, तेव्हा मी नाही म्हणालो. त्याच्यासमोर म्हणालो. त्यानं माझं नाव वाचवलं. सगळं स्वतःवर घेतलं."

आक्कानं आपली बशी खाली ठेवली. चहा तसाच होता. शेवटी भाऊ म्हणाला, "सांगितलं, हे बरं केलं. पण नोकरी गेली ती गेलीच. दिवाळीनंतर बघू." आम्ही उठलो. दारात आता कुणी नव्हतं.

एसटीत आक्का माझ्या शेजारी बसली नाही. पुढं एका बाईशेजारी जागा होती, तिथं बसली. फुलंब्री आलं तेव्हा ती बाई उतरली आणि आक्कानं मान मागं वळवली. "त्यानंबी मला सांगितलं नाय," ती म्हणाली, "आन् तूबी. त्यानं कामून लपवलं ते कळतंय मला." पुढं तिनं खिडकीकडे तोंड केलं. उतरल्यावर म्हणाली, "ज्याच्यापुढं खोटं बोलला, त्याच्यापुढं कधी बोलणार, सुपरवायझर साहेब?"

तेव्हापासून माझं गाव गेलं. ओ सुपरवायझर साहेब, पाणी आलंय. सुपरवायझर साहेब, तुमची लुंगी वाऱ्यानं उडाली. बाकीचे हसायचे. त्यांना कारण माहीत नव्हतं. भोकरदन हसायचा नाही. मी आठ दिवस काढले. साहेबांकडे जायला मला आठ दिवस लागले, हे लिहून ठेवतो. कमी करून सांगण्यात अर्थ नाही. गेलो, सांगितलं. साहेबांनी मला कामावरून काढलं नाही. ऑर्डरी तुंबल्या होत्या आणि लाइन मला माहीत होती. ते म्हणाले, "हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आता त्याच्या जागी माणूस घेतलाय." मी बाहेर आलो. काम करत राहिलो. पगार कापला गेला नाही की कुणी काही म्हणालं नाही.

संध्याकाळी आक्कानं विचारलं, "बोललास?" मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. ती थोडा वेळ करडाच्या कानातल्या गोचिड्या काढत बसली. "मग काय," ती म्हणाली, "येळ निघून गेल्यावर बोललास. पण बोललास. जा गेवराई, हात-पाय धू."

भोकरदन शहागंजात एका गादीवाल्याकडे लागला. ते चाचा आक्काच्या ओळखीचे. "मौसी भेजी ना? फिर क्या पूछने का है," एवढं बोलून त्यांनी त्याला कापसाच्या ढिगावर बसवलं. काम मिळालं, पण दुकानातलं. भावांच्या अटीत न बसणारं. त्यानं दिवस मोजणं सोडून दिलं. बायकोचा विषय अंगणात कुणी काढत नव्हतं.

दिवाळीला अजून महिना होता. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी अंगणात कपडे धूत होतो. वाटेवरून एक बाई आली. हातात पिशवी, काखेत पत्र्याची लहान पेटी. बरोबर कुणी नव्हतं. तिनं मला ओळखलं. मीही तिला ओळखलं आणि हातातला कपडा बादलीत सोडला.

"तुम्हीच ना ते कंपनीतले?" ती म्हणाली. "खोटं लिहिलं म्हणले ते?"

"हो."

तिनं पेटी खाली ठेवली. "भाऊ अकरा वर्षं सांगत होते, आत माणूस बदलून जातो. आता तो तुझा नवरा राह्यला नसंल. मला खरंच वाटायला लागलं होतं." तिला बोलताना दम लागत होता, चालून आली होती. "त्या दिवशी तुम्ही सांगितलं, त्यांनी तुमचं नाव वाचवलं म्हणून. ते आधीपासून असेच हायेत. म्हणून आले. भावांना इच्यारलं नाय."

मी तिथंच ओल्या हातांनी उभा राहिलो. मी घाबरून बोललेल्या खोट्यातून हिला आपला नवरा ओळखू आला होता. यात माझं काही कौतुक नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

आक्का शेरडं घेऊन आली. तिनं बाईकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. हातातला कडबा टाकला. जवळ जाऊन बाईच्या गालावरून एकदा हात फिरवला आणि लगेच माझ्याकडे वळली.

"गेवराई, तुझी खोली खाली कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"त्याची खोली एका माणसाची हाय. ती खोपटात नांदायला नाय आली. तुझी मोठी हाय. तू दुसरी बघ."

"आक्का, तीन वर्षं राहतोय मी. महिना तरी दे. निदान उद्या…"

"ती आज आली," आक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुला कुणीबी देतं रं खोली."

मी सामान अंगणात काढू लागलो. बायको मध्ये पडली, नको म्हणाली, आक्कानं तिला गप्प केलं. जाफराबाद माझा पलंग उचलू लागला. भोकरदन शहागंजातून परत आला तेव्हा माझी अर्धी भांडी बाहेर होती. केसांत, भुवयांत, कानांवर सगळा कापूस. वाटेवरच त्याला ती दिसली आणि तो थांबला. पाय उचलेना. मग तीच चालत गेली. त्याच्यासमोर उभी राहून तिनं पदरानं त्याच्या डोक्यावरचा कापूस झाडला, हळूहळू, सगळा. खालचे केसही पांढरेच निघाले. तिनं हात काढला नाही.

मी पिशवी उचलली आणि टी पॉइंटकडे निघालो. चिडलो होतो का? होतो थोडासा. तीन वर्षांची राहती खोली तासाभरात गेली की कुणीही चिडेल. पहिल्या गल्लीत एका पानटपरीवर विचारलं. त्यानं समोरच्या माडीकडे बोट दाखवलं. घरमालक बनियनवर खाली आला, मला वर घेऊन गेला. खोली चांगली होती, हवेशीर. नळाला पाणी कधी येतं ते त्यानं सांगितलं. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कंपनीत आहात ना?"

मी हो म्हणालो.

"मग राहा की," तो म्हणाला. माझं नाव त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.